पुसलेल्या फुलीबद्दल

कमल, तुझ्या गंधमुक्तीला बायका इतक्या आल्या की मांडव पुरला नाही. त्या गल्लीत बसल्या, समोरच्या घरांच्या ओट्यांवर बसल्या, आणि मी मागे उभी राहून मनात म्हटलं, माझ्या वेळी यातल्या चार तरी येतील का. तुला जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते आणि माझ्या मनात हे आलं. खोटं कशाला सांगू? तुझ्याशी एकदा खोटं बोलले ते पुरे झालं. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

मी तुझ्यावर जळत होते. आपण एकत्र काम केलं तितकी सगळी वर्षं जळत होते. केंद्रात सगळ्यांना वाटायचं, निर्मला मॅडम आणि कमल सिस्टर म्हणजे जुन्या मैत्रिणी. होतोही. पण एकीने दुसरीच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाता खाता तिचा हेवा करावा, तशी ती मैत्री होती. तुझी चटणीही माझ्यापेक्षा चांगली व्हायची.

आपण एकाच महिन्यात रुजू झालो. तू धुळ्याहून एएनएमचा कोर्स करून आलेली, नवरा कापडाच्या लूमवर, घरात सासू नि अहिराणी. मी इथलीच, गुजरातेतल्या उधन्याच्या रेल्वे यार्डात गँगमन असलेल्या बापाची मुलगी, बीएस्सी नर्सिंग झालेली. आमच्या विहाराजवळच्या चाळीतली पहिली नर्स. मला सामुदायिक आरोग्य परिचर्येचं पुस्तक तोंडपाठ होतं. गृहभेटीची तत्त्वं मला झोपेतून उठवून विचारली असती तरी क्रमाने सांगितली असती. बॅग जमिनीवर ठेवायची नाही. आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग. बाहेरच्या कप्प्यातून साबण आणि टॉवेल काढायचा, हात धुवायचे, मगच आतला कप्पा उघडायचा. मी हे सगळं अगदी तसंच करायची. घरातल्या बायका गुपचूप बघत बसायच्या, आणि माझं आवरलं की म्हणायच्या, झालं का बाई?

तू बॅग सरळ खाटेवर टाकायचीस. बाहेरच्या कप्प्यात साबणाच्या शेजारी टिकल्यांचं पाकीट, शेवेची पुडी आणि खडू. वर्तमानपत्र तू कोणातरी म्हाताऱ्याला वाचायला देऊन टाकायचीस. पहिल्यांदा तुझ्याबरोबर फेरीला आले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात मात्र तू न चुकता धुवायचीस, आणि त्यातही तुझी एक तऱ्हा होती. साबण काढायचीस आणि घरातल्या सुनेला म्हणायचीस, चल, पाणी टाक मन्हा हातवर. दोघी मोरीपाशी. सासू पुढच्या खोलीत, मधे पाण्याचा आवाज. तेवढ्यात ती सून काय ते सांगून टाकायची. तू नखं घासत बसायचीस, तिचं बोलणं संपेपर्यंत. मला वाटायचं, ही हात धुवायला इतका वेळ का लावते. कळलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी एका घरात तसंच करून पाहिलं. सुनेने पाणी घातलं, मी हात धुतले, ती म्हणाली, बाई, साबण फार घेता तुम्ही.

मला खुर्ची मिळायची आणि तुला चहा. हे आपल्यातलं सगळ्यात जुनं भांडण आणि ते तसंच राहिलं. मी दारात गेले की आतून खुर्ची यायची, पदराने पुसून. तू गेलीस की स्टोव्ह पेटायचा. एकदा मी तुला म्हटलं, तू पाटील आहेस म्हणून चहा मिळतो, मला खुर्ची देऊन बाहेरच्या बाहेर बसवतात ते काय मला कळत नाही?  तू म्हणालीस, "काही घरात तसं असेल, निर्मला. मी नाही म्हणणार नाही. पण सगळ्या घरात नाही. तू विचारायच्या आधीच नको म्हणतेस. एकदा हो म्हणून बघ, मग कळेल कोणतं घर कसं आहे." मी म्हटलं, तुला काय जातंय बघायला. माझ्या आईला ज्या दारात उभं राहावं लागलं त्या दारात मला खुर्ची मिळते, ती मी कमावलेली आहे, ती सोडून मी चहाची परीक्षा कशाला देऊ?  तुझं बरोबर होतं की माझं, हे मला आजही माहीत नाही. बहुतेक दोघींचं होतं. पण चहा तुलाच मिळत राहिला.

मग मी सुपरवायझर झाले, तू एएनएमच राहिलीस. मला वाटलं होतं, आता तरी ही जळजळ थांबेल. उलट वाढली. कारण आता तुझं काम तपासणं हेच माझं काम झालं, आणि मी जिथे जाईन तिथे लोक विचारायचे, कमलताई नाही आल्या? कतारगामला तीन महिने तात्पुरती बदली झाली होती तुझी, आठवतं? तिथल्या हिरे घासणाऱ्या पटेलांच्या बायकाही आपल्या केंद्रात फोन करून विचारायच्या, पेलां कमळबेन क्यारे आववानां, त्या कमळबेन कधी येणार? ओरिसाच्या लूमवाल्यांच्या खोल्यांत तू कुठूनशी चार उडिया वाक्यं शिकून गेलीस. मला गुजराती तुझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मी इथे जन्मले होते. मला कोणी फोन केला नाही.

आता फुलीकडे येते. टाळून फार झालं.

पोलिओच्या फेरीत रविवारी बूथ, आणि पुढचे दिवस घरोघर. ज्या घरातल्या सगळ्या मुलांना थेंब पाजून झाले त्या दारावर खडूने पी. ज्या घरातलं एखादं मूल राहिलं त्या दारावर फुली, म्हणजे इथे परत यायचं आहे. संध्याकाळी दारांवरच्या फुल्या मोजून त्यांची यादी वर जाते, आणि ज्या वॉर्डात फुल्या जास्त त्या वॉर्डाच्या सुपरवायझरला सगळ्यांसमोर उभं करतात. त्या वर्षी उभी मी राहिले. साहेब म्हणाले, तुमच्या कमलबेनच्या गल्ल्यांत मुलं काय रोज जन्माला येतात का? सगळे हसले. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला न सांगता तुझ्या गल्ल्यांत गेले. चौदा नंबरच्या खोलीवर फुली होती. पुढच्या खोलीत म्हातारी बसली होती, शेजारी दोन मुलं. मी मुलांची डावी करंगळी पाहिली. दोघांच्या नखावर शाई. म्हणजे थेंब पाजलेले. मग फुली कशाची? सोळा नंबर, तिथेही तेच. तीन गल्ल्यांत मला अशा सात फुल्या सापडल्या, सातही खोट्या. मला राग यायला हवा होता आणि आलाही, पण खरं सांगते, त्याआधी मला आनंद झाला. एवढ्या वर्षांनी तुझी एक चूक माझ्या हाती लागली होती. मी रुमाल पाण्यात भिजवला, सातही फुल्या पुसल्या आणि माझ्या वळणदार अक्षरात सात पी काढले. चौदा नंबरची म्हातारी बघत होती. मी तिला म्हटलं, आजी, तुमचं काम झालेलं आहे, उगाच फुली होती.

नियम माझ्या बाजूने होता, कमल. आजही आहे. खोट्या फुलीमुळे दुसऱ्या टीमचा फेरा फुकट जातो, खरं राहिलेलं मूल राहून जातं. हे मी कोणापुढेही सांगेन. पण त्या दिवशी मी नियमासाठी पुसत नव्हते.

संध्याकाळी तू केंद्रात आलीस आणि विचारलंस, "निर्मला, चौदा नंबरची फुली कोणी पुसली गं?"

मी रजिस्टरमधून मान वर केली नाही. म्हटलं, "पोरं पुसतात. खडूच आहे."

"हो," तू म्हणालीस. "पोरंच असतील."

मग तू मला समजावून सांगितलंस, जणू मी विचारलंच होतं. चौदा नंबरची सून, सुरेखा, आठवा महिना. पाय सुजलेले, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे येतात, असं मोरीपाशी सांगितलं तिने. सासू तपासू देत नाही. दोन बाळंतपणं घरी नीट झाली, तिसऱ्याला काय धाड भरली आहे म्हणते. त्या दिवशी तुझं बीपीचं मशीन केंद्रात राहिलं होतं. म्हणून तू दारावर फुली मारून आलीस. "मला आत जायला कारण लागतं ना," तू म्हणालीस. "फुली असली की सासूला सांगता येतं, सरकारी काम बाकी शे, मी काय करू. मग ती आत घेते. एकदा आत गेले की मशीन बांधायला कितीसा वेळ."

मी म्हटलं, "म्हणजे तू कागद खोटा करतेस."

"कागदावर मी खरंच लिहिलंय, दोन मुलांना डोस दिला. फुली फक्त दारावर आहे."

"दारही रेकॉर्डच असतं."

तू हसलीस. हे भांडण तिथेच थांबलं आणि मी तेव्हाही सांगितलं नाही. दोन शब्दांचं काम होतं. मी पुसली. तेवढंच.

त्यानंतर दोन दिवस तू चौदा नंबरच्या ओट्यावर बसून राहिलीस. म्हातारी दारातून हलली नाही. तिचं म्हणणं तू मला जसंच्या तसं सांगितलंस: "दारवर लिखेल शे, काम व्हयी गयं. आते कसाले?" तिसऱ्या दिवशी सुरेखाला झटके आले. तू अँब्युलन्समध्ये तिच्याबरोबर गेलीस. ती वाचली. पोटातलं बाळ नाही वाचलं.

चौकशी झाली. जोखमीची माता माहीत असून पाठपुरावा का केला नाही, म्हणून मेमो आला, तुझ्या नावाने. तो तुझ्या हातात मी दिला, कारण ते सुपरवायझरचं काम. तू सही केलीस आणि पेन माझं मलाच परत दिलंस. मी वाट बघत होते, तू साहेबांना सांगशील की फुली कोणीतरी पुसली होती. सांगितलं असतंस तर मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. तू सांगितलं नाहीस, मग मीही बोलले नाही.

आणि ऐक, त्यानंतरही माझा हेवा कमी झाला नाही. सुरेखा बरी झाल्यावर तिच्या सासूनेच तुला घरात बोलावून जेवू घातलं, हे मी ऐकलं. मेमो तुला, पुरणपोळीही तुला. माझ्या वाट्याला नुसतं गप्प बसणं आलं.

माझं घर तुझ्याच भागात होतं. दर फेरीला तू माझ्या दारावरही खूण करायचीस. लहान मूल नाही, म्हणून पी. बरोबरच होतं. माझा नवरा गेला त्या वर्षी तू दहा दिवस रोज भाकरी नि पिठलं घेऊन आलीस आणि रोज मी दारात उभी राहून म्हटलं, मी ठीक आहे, तू जा, तुझी फेरी राहील. अकराव्या दिवशी तू आली नाहीस. पुढच्या फेरीत पुन्हा पी. तो बघून मला किती लागलं ते मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्या गल्लीला खोट्या फुल्या मारणारी ही बाई, आणि माझ्या दारावर एक मारता आली नाही हिला? पण निर्मलाचं सगळं झालेलं आहे असं जगाला वाटावं, म्हणून तर मी आयुष्यभर खपले होते. तुलाही तसंच वाटलं असेल तर तुझा काय दोष.

आणि त्याच न्यायाने मी तुला पी दिला. तुझ्या शेवटच्या आठवड्यात तू केंद्राच्या पायरीवर कपाळ दाबून बसली होतीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, काही नाही, पलसाण्याहून येताना ऊन लागलं. मी म्हटलं, मग ऊन उतरलं की रजिस्टर पूर्ण कर. तुझ्या खांद्याला बॅग होती आणि बॅगेत बीपीचं मशीन. दिवसाला वीस दंडांना ते बांधणारी तू. तुझ्या दंडाला ते कोणी बांधलं नाही, मीही नाही. चार दिवसांनी डोक्यातली नस फुटली म्हणून फोन आला. त्या पायरीपाशी मी दुसऱ्यांदा विचारायला परत आले असते, तर तू कदाचित म्हणाली असतीस, काही नाही गं. पण कदाचित म्हणाली नसतीस.

गंधमुक्तीला सुरेखा आली होती. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. अंगाने भरली आहे आता, नंतर एक मुलगी झाली तिला, तीही बरोबर होती. तिने मला मागे उभी पाहिलं, हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि आतून चहा आणला. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. चहा घेतला. तुझ्याच घरचा होता, पण आणला तिने.

ती म्हणाली, "तुम्ही निर्मला मॅडम ना? ताई घरेघर तुमनंच नाव सांगे. म्हने, मन्ही मॅडम बहू कडक शे, परत नही उनू ते मले सोडाव नही. आमनी सासू कोनलेच भ्याये नही, तुमना नावले भ्याये."

मी विचारलं, परत आले नाही तर मॅडम सोडणार नाही, असं सगळ्या घरांत सांगायची?

"सगळास्ले," ती म्हणाली. "तुमना नाववरच ते दार उघडेत."

मला काय वाटलं ते सांगू? पहिल्यांदा राग आला. मला न विचारता माझं नाव तू किल्लीसारखं वापरलंस, आत तू गेलीस, चहा तू प्यालीस, आणि त्या घरांत मी एक भीती होऊन राहिले. मग वाटलं, म्हणजे त्या सगळ्या दारांत मी होते. हे तू मला एकदा तरी सांगायचं होतंस, कमल. माझी कितीतरी जळजळ वाचली असती.

मग मी सुरेखाला फुलीबद्दल सांगितलं. तुझ्या दारात, तुझ्या फोटोपासून चार हातांवर. म्हटलं, तुझ्या दारावरची फुली मी पुसली होती. तिने मुलीच्या केसातली पिन नीट केली. मग म्हणाली, "माहीत शे. सासूनी देखेल व्हतं. तिनी त्याच दिवस ताईले सांगं."

त्याच दिवशी. म्हणजे संध्याकाळी केंद्रात येऊन तू विचारलंस, फुली कोणी पुसली गं, तेव्हा तुला माहीत होतं. मला बोलायची संधी देत होतीस. मी पोरांवर ढकललं आणि तू म्हणालीस, हो, पोरंच असतील. मेमोवर सही करतानाही माहीत होतं. माझ्या नवऱ्याच्या वेळी भाकरी आणलीस, तेव्हाही.

मी सुरेखाला विचारलं, ताई काही म्हणाली माझ्याबद्दल? ती म्हणाली, नाही. रडली फक्त, बाळासाठी. मी म्हटलं, तू मला काही बोलणार नाहीस? तिने माझा रिकामा कप उचलला आणि म्हणाली, "आते काय बोलू, मॅडम." ती आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी ते धरूनही चाललेले नाही.

मला तुझा अजून हेवा वाटतो. माहीत असून गप्प राहण्याचाही वाटतो. पण तुझं चुकलं. तू मला सोडून द्यायला नको होतंस. फुली पुसणारीच्या दारावर तरी फुली मारायची होतीस.

काल फेरीचा पहिला घरोघरचा दिवस होता. तुझ्या जागी जिज्ञा नावाची मुलगी आली आहे, चुणचुणीत, रजिस्टर सुंदर ठेवते. तुझी बॅग तिला दिली आहे. बाहेरच्या कप्प्यात तुझा खडू तसाच होता, अर्धा झिजलेला. तुझ्या गल्लीत आम्ही दोघी गेलो. तुझ्या नातवाला थेंब पाजले, करंगळीला शाई लावली. तुझा नवरा खाटेवर बसून होता, दाढी वाढलेली. लूमवर गेला नाही म्हणे अजून. तुझ्या सुनेने मला खुर्ची दिली. मी कसं काय विचारलं तर तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, सासऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, सगळं ठीक आहे. हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे.

बाहेर आलो. जिज्ञाने दारावर पी काढला आणि पुढच्या घराकडे वळली. मी रुमाल काढला, पी पुसला आणि तिच्या हातातला खडू मागून घेतला. फुली काढली. एक रेघ वाकडी आली.

या घरचं काम तर संपलं, असं वाटून जिज्ञा म्हणाली, "आ घरनुं तो पती गयुं ने, मॅडम?"

"नथी पत्युं," मी म्हटलं. "काले पाछुं आववानुं छे."

तुझा नवरा दारात आला, फुलीकडे बघून म्हणाला, "का व बाई, काही ऱ्हायी गयं का?"

"हो," मी म्हटलं, "सरकारी काम बाकी आहे. उद्या अकराला मी येते. चहा ठेवायला सांगा."